चार डॉक्टर, एक मेडिकल आणि मामांची झोप

प्रश्न : आमचं गाव केज तालुक्यात आहे. माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. उभी हयात ऊसतोडीत गेली. दोन वर्षांपूर्वी मणक्यातली गादी सरकली, तेव्हापासून डाव्या पायात कळ उतरते. हाडांच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ आणि प्रेगाबालिन रात्री एक, असं लिहून दिलं. आत्याबाई गेल्या आणि मामांची झोप उडाली, म्हणून गावातल्या डॉक्टरांनी अल्प्राझोलम सुरू केली. पुढे मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी एस्सिटालोप्राम दिली. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळ्या जुन्याच आहेत, त्या चौथ्या डॉक्टरांच्या. गेल्या आठवड्यात खोकला झाला तर मेडिकलमधून सिरप आणि लेव्होसेट्रिझिन आणलं. आता मामा छान झोपतात, दुपारीसुद्धा. घोरणं ओट्यापर्यंत ऐकू येतं. उठवलं तर भाकरी अर्धवट खाऊन परत आडवे होतात. घरातले म्हणतात, किती दिवसांनी माणसाला झोप लागली, उठवू नका. थोरले दीर म्हणतात, गोळ्यांनीच माणूस बसला, सगळ्या बंद करा. मी काय करू? पोटही साफ होत नाही, इसबगोल देऊ का? मामा कधीमधी थोडी घेतात, ते कुठल्याच डॉक्टरांना सांगितलेलं नाही.
– एक सून

उत्तर : ताई, पत्रातल्या सगळ्या गोळ्यांच्या नावांपेक्षा मला ते अर्धवट भाकरीचं वाक्य जास्त टोचलं. घास तोंडात असताना ज्याचे डोळे मिटतात, तो माणूस झोपलेला नाही, गुंगीत आहे. घरच्यांचं समाधान मला कळतं. रात्र रात्र कळा सोसणारा माणूस शांत पडलेला बघून कोणालाही बरं वाटेल. पण तुम्ही दिलेल्या यादीत गुंगी आणणारी औषधं एक-दोन नाहीत, पाच आहेत. सहावी म्हणजे ती 'कधीमधी थोडी'.

आधी आजचं सांगतो, कारणं नंतर. खोकल्याचं सिरप आणि लेव्होसेट्रिझिन आत्तापासून बंद. आठवडाभराचीच औषधं आहेत ती, एकदम थांबवल्यानं काही बिघडत नाही. दारू अजिबात नाही, अगदी मामा चिडले तरी. वेदनेची, झोपेची किंवा प्रेगाबालिनची पुढची गोळी देण्याआधी मामांशी दोन मिनिटं बोला. नीट जागे असतील, आज वार कोणता ते सांगत असतील, तरच गोळी द्या. डोळे मिटत असतील, जीभ जड झाली असेल, तर तो डोस थांबवा आणि ज्यांनी गोळी लिहिली त्या डॉक्टरांना फोन करा. आणि आजच, फार तर उद्या सकाळी, मामांना दवाखान्यात न्या. सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका.

घरात शुगर बघायचं मशीन असेल तर हे वाचून झाल्याबरोबर मामांच्या बोटाला सुई लावा. ही गोष्ट बरेच जण विसरतात. ग्लिमेपिराइड शुगर खाली आणते, ते तिचं कामच आहे. पण ट्रामाडॉलमुळेही काही जणांची शुगर उतरते, आणि शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या माणसात हा धोका जास्त. त्यात मामा अर्धी भाकरी खातायत. म्हणजे गोळी पूर्ण, जेवण अर्धं. तुम्हाला जी झोप वाटतेय तिच्यात 'शुगर लो' झाल्याचाही वाटा असू शकतो. आकडा ७० च्या खाली आला आणि मामा गिळू शकत असतील तर चार चमचे साखर पाण्यात कालवून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा आणि मग जेवू घाला. गिळता येत नसेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ १०८ ला फोन करा.

आता हे झालं कसं? मी औषधांच्या काउंटरमागं उभा राहिलेला माणूस आहे, डॉक्टर नाही. पण काउंटरवरून एक गोष्ट दिसते जी डॉक्टरांच्या खोलीतून दिसत नाही. माणूस येतो आणि शर्टाच्या खिशातून गोळ्यांचे पत्ते काढतो. निम्म्या पत्त्यांची नावाची बाजू कापून गेलेली. एक गोळी नुसती कागदाच्या पुडीत. 'ही पिवळी कंबरेची, ही बारकी झोपेची.' कोणी दिली विचारलं तर तीन गावांची नावं येतात. तुमच्या मामांचंही तेच आहे. हाडांच्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणणार नाही, नस दबून पायात कळ उतरत असेल तर त्यांनी लिहिलेल्या गोळ्या चुकीच्या नाहीत. मनाच्या डॉक्टरांनी दिलेली गोळीही योग्यच असेल. बायको गेल्यावर खचलेल्या माणसाला ती दिली जाते. प्रत्येकानं आपापल्या जागी ठीकच लिहिलं. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच टेबलावर कोणी ठेवल्या नाहीत, घोळ तिथं झाला.

ट्रामाडॉल ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी आहे, जरा सौम्य. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, टापेंटाडॉल ही त्याच घराण्यातली. वेदना कमी करता करता ही औषधं मेंदूच्या देठातल्या श्वासाच्या केंद्रालाही शांत करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदू 'श्वास घे' असा हुकूम सोडतो, तो हुकूम मंद होतो. एकट्या गोळीच्या बेतशीर डोसात बहुतेक माणसं हे निभावून नेतात. पण सोबत अल्प्राझोलम आली की दोघी मिळून तेच काम करतात, वेगवेगळ्या वाटांनी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये अफूच्या जातीची औषधं आणि अल्प्राझोलमच्या जातीच्या गोळ्या एकत्र घेण्याबद्दल सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिनबद्दल वेगळा इशारा, चौकटीतला नसला तरी, डिसेंबर २०१९ मध्ये दिला : श्वास मंदावू शकतो, विशेषतः वयस्कर माणसांत, जुनाट धापेचा फुफ्फुसाचा आजार (सीओपीडी) असणाऱ्यांत आणि सोबत गुंगीची दुसरी औषधं घेणाऱ्यांत. तुमच्या मामांना वय लागू होतं, सोबतची औषधंही लागू होतात. उभा जन्म चुलीच्या आणि विडीच्या धुरात गेला असेल तर फुफ्फुसाचंही बघावं लागेल.

घोरण्याबद्दल थोडं थांबून बोलू, कारण तुमच्या घरात त्यालाच 'छान झोप' म्हणतात. गुंगीत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं जाते आणि हवेची वाट अरुंद होते. नेहमीचं घोरणं एका लयीत असतं. वाईट घोरणं तुटक असतं : मोठा आवाज, मग सगळं शांत, मग एकदम हिसका देऊन श्वास. कधी घशात पाणी गुडगुडल्यासारखं. आज रात्री मामा झोपले की मोबाइलमध्ये एक मिनिट लावा आणि छाती किती वेळा वर येते ते मोजा. बारा ते वीस ठीक. दहाच्या खाली गेलं तर काळजीचं, आठ किंवा त्याहून कमी म्हणजे तातडीचं. मोठ्यानं हाक मारा, खांदा हलवा, तरी डोळे उघडले नाहीत तर छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात चोळा. त्यावरही उठले नाहीत, ओठ किंवा नखं निळसर दिसली, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक झाली, तर शेजारच्यांना गोळा करत बसू नका. १०८ लावा. गाडी येईपर्यंत कुशीवर वळवून ठेवा, हनुवटी जरा वर. कांदा हुंगवणं, मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं, कडक चहा पाजणं यातलं काहीही करायचं नाही. गुंगीतल्या माणसाला पाजलेलं पाणी पोटात न जाता फुफ्फुसात जातं. श्वास पूर्ण थांबला तर १०८ वरचा माणूस सांगेल तसं छाती दाबायला लागा.

दवाखान्यात नालोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, ते या जातीच्या औषधाचा असर उतरवतं. ते दिल्यावर माणूस उठून बसतो आणि नातेवाईक म्हणतात, चला घरी. तसं करू नका. त्या इंजेक्शनचा जोर तासा-दीडतासात ओसरतो, गोळीचा त्याहून जास्त वेळ टिकतो. शिवाय अल्प्राझोलम, प्रेगाबालिन आणि दारूवर ते चालतच नाही. डॉक्टर म्हणतील तेवढा वेळ थांबायचं.

ट्रामाडॉलची दुसरी भानगड वेगळीच आहे, आणि ती मनाच्या गोळीशी जोडलेली आहे. ही गोळी फक्त अफूच्या जातीची नाही. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायनही ती वाढवते. एस्सिटालोप्रामही तेच वाढवते, तेच तिचं औषधपण. दोन्ही एकत्र घेणारे बरेच जण आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही. पण होतं तेव्हा असं दिसतं : हात थरथरतात, पाय आपोआप झटकतात, घाम सुटतो, ताप येतो, जुलाब लागतात, माणूस बेचैन होऊन असंबद्ध बोलू लागतो. या जोडीनं फिट येण्याची शक्यताही वाढते, कारण ट्रामाडॉल एकटंच फिटचा उंबरठा खाली आणतं. मामांना पूर्वी कधी फिट आली असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, उसाच्या गाडीवरून पडले असतील, तर ते डॉक्टरांना न विसरता सांगा.

आता ते सिरप. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, किंवा घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलं असेल तर सेरोटोनिन वाढवणारी ती तिसरी वस्तू झाली. कोडीन लिहिलं असेल तर अफूच्या जातीचं दुसरं औषध. क्लोरफेनिरामिन असेल तर गुंगीत आणखी भर, वर लेव्होसेट्रिझिन आहेच. खोकल्याचं सिरप म्हणजे लहान पोरांनाही देतात ते साधं औषध, असा समज आपल्याकडं आहे. मामांच्या बाबतीत मला या यादीतली सगळ्यांत नको असलेली बाटली तीच वाटते, कारण ती कोणाच्याच चिठ्ठीत नाही. सर्दीची वेगळी गोळी आणली असेल तर तीही बघा. तिच्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं आणि वेदनेच्या गोळीतही ते आहेच. दोन्हीकडून मिळून यकृतावर बोजा पडतो.

खोकल्यासाठी तोवर कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या आणि वाफ पुरे. मध नको, शुगर आहे. गुंगीतल्या माणसासमोर उकळतं पातेलं ठेवून बाजूला जाऊ नका. ताप, धाप किंवा पिवळा-हिरवा कफ असेल तर डॉक्टरांना छाती तपासू द्या. खोकला दोन आठवड्यांवर लांबला तर थुंकी तपासून घ्या. क्षयाची औषधं सुरू झालीच, तर त्यातलं रिफाम्पिसिन ट्रामाडॉलचा जोर कमी करतं. मग कळ वाढते आणि माणूस आपल्या मनानं एकाची दोन गोळ्या करतो. म्हणून तेव्हाही सगळी यादी दाखवायची.

दारूचं मी उपदेश न करता सांगतो. कोयता खाली ठेवल्यावर अंगदुखीवर दोन घोट, ही सवय ऊसतोडीच्या कोपीवर किती जणांना लागते ते आपण सगळे जाणतो. पूर्वी चाललं, आता चालणार नाही. ट्रामाडॉल, अल्प्राझोलम, प्रेगाबालिन या तिन्हींपैकी एकावरही दारू चालत नाही, इथं तर तिन्ही आहेत. आणि ती डॉक्टरांपासून लपवलीत तर डॉक्टर चुकीच्या हिशोबानं डोस लिहितात. मामांसमोर सांगायची लाज वाटत असेल तर त्यांना बाहेर बाकावर बसवा आणि तुम्ही आत जाऊन सांगा. रोज घेत असतील तर तेही स्पष्ट सांगा, कारण रोजची दारू एकदम तोडली तरी फिट येऊ शकते.

थोरल्या दिरांना माझा नमस्कार सांगा, त्यांचा राग रास्त आहे. पण सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद करणं हा उपाय नाही. अल्प्राझोलम काही महिने घेतलेल्या माणसानं ती एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, झोप पूर्ण उडते, फिटसुद्धा येते. ट्रामाडॉल एकदम तोडलं तर अंग मोडून येतं, जुलाब, घाम, बेचैनी, आणि वेदना दुपटीनं परत. प्रेगाबालिन आणि एस्सिटालोप्रामही हळूहळूच उतरवतात. वर मी म्हणालो की गुंगी असेल तर तो एक डोस थांबवा. एक डोस पुढं ढकलणं आणि औषध सोडणं यात फरक आहे, तो घरात सगळ्यांना समजावून सांगा. कोणती गोळी आधी, किती दिवसांत, किती पायऱ्यांनी कमी करायची हे डॉक्टरच ठरवतील. माझा अंदाज विचाराल तर अल्प्राझोलमवर सगळ्यांत आधी प्रश्न विचारायला हवा. एस्सिटालोप्राम लागू पडली असेल तर झोपेसाठी वेगळ्या गोळीची गरज उरते का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

नेताना काय न्यायचं? घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. चालू, बंद, उरलेल्या, शेजारणीनं दिलेल्या, आयुर्वेदिक पुड्या, सगळं. नाव कापलेले पत्ते असतील तर तेही. प्रेगाबालिन ७५ ची आहे की १५० ची, ते पत्त्यावरच कळेल. मग कागदावर लिहा : सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय, कधीपासून. ही पिशवी चौघांपैकी कोणा एकाच डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करायची आणि म्हणायचं, 'साहेब, हे सगळं चालू आहे, यातलं काय ठेवायचं?' जवळ एमडी मेडिसिन असतील तर उत्तम. नाहीतर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय तुम्हाला लांब नाही. तिथं मेडिसिन, हाडं आणि मानसोपचार एकाच आवारात आहेत, त्यामुळं एकाला दुसऱ्याशी बोलणं सोपं जातं. क्रिएटिनिन आणि सोडियम या दोन रक्ततपासण्या होतील का, एवढं विचारा. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंड कसं चालतंय ते कळतं. प्रेगाबालिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं, मूत्रपिंड मंद असेल तर तेवढीच गोळी जास्त चढते. सोडियमचं असं की ट्रामाडॉल आणि एस्सिटालोप्राम दोन्ही म्हाताऱ्या माणसात ते खाली आणू शकतात, आणि सोडियम उतरलं की पुन्हा गुंगी आणि भ्रम. म्हणजे मामांच्या गुंगीला निदान तीन वाटा आहेत, आणि कोणत्या वाटेनं ती आली हे घरबसल्या कळणार नाही.

एक बोलणं माझ्या धंद्याच्या लोकांसाठी. ट्रामाडॉल आणि अल्प्राझोलम दोन्ही 'एच-वन' अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीत आहेत. २०१४ पासून त्यांची विक्री रजिस्टरला नोंदवावी लागते : डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. तरी 'मागच्या वेळचंच द्या' म्हटल्यावर चिठ्ठी न बघता पत्ता पुढं सरकवणारे काउंटर आहेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. तुम्हीही चिठ्ठीशिवाय मागू नका. सगळी औषधं एकाच मेडिकलमधून घ्या, म्हणजे कोणीतरी एक जण तरी पूर्ण यादी बघेल. आणि पत्ता कापताना नाव आणि मुदत राहील अशी बाजू मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. हाडांच्या डॉक्टरांनी उद्या ट्रामाडॉल बदलून टापेंटाडॉल दिली तर ती नवी, निर्धोक गोळी समजू नका. गुंगीचा हिशोब तोच राहतो. टापेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध एकत्र केलेल्या गोळ्यांचे उत्पादन आणि निर्यातीचे परवाने मागे घ्यायला केंद्रानं फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं. त्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात होत्या. जोडी किती घातक ठरू शकते ते त्यावरून कळावं.

ज्यांच्या घरी कर्करोगाचा पेशंट आहे आणि मॉर्फिन चालू आहे, त्यांनी हे वाचून घाबरून गोळी बंद करू नये. त्या वेदनेला ती गोळी लागतेच. फक्त झोपेची, खोकल्याची, बुरशीची कोणतीही नवी गोळी आली की आधी मॉर्फिन लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. फेंटानिलची पट्टी लावलेली असेल तर तिच्यावर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नका आणि भर उन्हाळ्यात पत्र्याखाली झोपवू नका. उष्णतेनं औषध अंगात भराभर शिरतं. नवी लावताना जुनी काढायची, हे तर वेगळं सांगायला नको, पण पाठीला जुनी चिकटलेली राहते ती आंघोळीच्या वेळीच दिसते.

ताई, मामांची कळ खोटी नाही, हे डॉक्टरांपुढं ठामपणे सांगा. गोळ्या कमी करा म्हणजे दुखणं सोसा असं नाही. फिजिओथेरपी, कंबरेचा पट्टा किती वेळ लावायचा, मणक्यात इंजेक्शन देता येतं का, हे विचारता येईल. रात्री लघवीला उठताना दोन-तीन आठवडे कोणीतरी हात धरा, गुंगीत पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच अवघड होईल.

आणि इसबगोल. अफूच्या जातीच्या गोळीनं आतड्याची हालचालच मंदावते. इसबगोल पाण्यानं फुगतं, पण पुढं ढकलणारं कोणी नसतं. पाणी कमी पडलं तर आतच खडा होतो, आणि गुंगीतला माणूस पाणी पीत नाही. म्हणून मामांना सध्या ते नको. सेन्ना किंवा बिसाकोडिल यासारखं आतडं हलवणारं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. वेदनेची गोळी चालू आहे तोवर ते सोबत चालू ठेवावं लागतं, अधूनमधून नाही. एरंडेलाचा घरगुती डोस टाळा. तीन दिवस पोट साफ झालं नाही, पोट फुगलं, उलट्या झाल्या किंवा लघवी अडली, तर घरी उपाय करत न बसता त्याच दिवशी दाखवा.